पांगळ्या घराचा दाखला

रंगुबाईचा उजवा पाय साखरेने नेला, यात नवल काहीच नव्हते. सगळा मुलूख साखरेवर जगतो, तेव्हा एखादा पाय साखरेने परत घेतला तर तक्रार कुणाकडे करायची? बारामतीला गुडघ्याखाली पाय काढला, जखम भरली, आणि रंगुबाई भवानीनगरजवळच्या आपल्या घरी परत आली. घर पक्के, मुलगा बुद्धघोष नोकरीला, खाण्यापिण्याला कमी नाही. अडचण एकच होती. तिला भांडायला जाता येत नव्हते.

घराचा ओटा कमरेइतका उंच, त्यापुढे उभ्या दगडी पायऱ्या, आणि पलीकडे हापसा. हापशावर रोज सकाळी शेजारीण कुशाबाई. या कुशाबाईने मागे रंगुबाईचा वरवंटा नेला होता आणि परत आणला तो भलताच, टवका उडालेला. त्याचा निकाल लागायच्या आत पाय गेला. त्यावर कुशाबाई हापशावर चारचौघींत म्हणाली, “हिला पाय न्हाय एक, नि वरवंटा पायजे!”

याला चोख उत्तर रंगुबाईच्या जिभेवर तयार होते. पण भांडण हे पदर खोचून, तोंडाला तोंड देऊन करायचे काम. ओट्यावरून ओरडले तर हापशाच्या खडखडाटात अर्धे शब्द वाया जात. बुद्धघोषला ती एकट्याने उचलवत नसे; तिला उचलून खाली नेतील असे गडी गल्लीत दोनच होते, आणि ते दोघे कुशाबाईचे पैलवान मुलगे. भांडायला जायचे आणि पालखी शत्रूच्या पोरांनी वाहायची! त्यापेक्षा रंगुबाई ओट्यावर बसून उत्तर गिळत राहिली. आपल्याच दारातून खाली उतरता येऊ नये, याचे तिला फार वाईट वाटे.

बुद्धघोष दारात मुरूम टाकून उतार करणारच होता. पण साल अठ्ठ्याण्णव होते आणि अपंगांसाठी नवनव्या योजना निघत होत्या. इंदापूरला ‘गृहसुधार कक्ष’ उघडल्याचे कळले तसा तो तिकडे गेला आणि संध्याकाळी तोंड एवढेसे करून परतला.

“आये, मंजुरीच्या आधी दारात सुधारणा केली तर आपण अपात्र. मुरूम टाकायचा न्हाय. आन् अपंगाचा दाखला पायजे.”

“माझा हाय की! बारामतीचा हाय, शिक्क्याचा!”

“तुझा न्हाय. घराचा.”

झाले होते ते असे. शासनाच्या मनात ‘अपंगांच्या घरांची सुधारणा’ करायचे असावे. पण टंकलेखन करताना ‘अपंगांच्या’ या शब्दाचे शेपूट गळाले आणि ‘अपंग घरांची सुधारणा’ असे छापून आले. छापून आले म्हणजे धोरण झाले. कक्षप्रमुख हिंदुराव साहेबांनी बुद्धघोषला समजावले होते, “तुमच्या मातोश्रींबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. पण त्या घर नाहीत.”

दाखल्यासाठी घराने वैद्यकीय मंडळापुढे स्वतः हजर व्हायला हवे होते. बुद्धघोषने हात जोडून सांगितले, “साहेब, घर जागचं हलत न्हाय.” साहेबांचा चेहरा एकदम खुलला. “हलत नाही? मग तसा अर्ज द्या. लाभार्थी अंथरुणाला खिळलेला असेल तर मंडळ घरी येते.”

मंडळ आले. हाडांच्या डॉक्टरांनी छोट्या हातोडीने जोत्यावर ठोकून पाहिले आणि ‘प्रतिसाद नाही’ असे लिहून घेतले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी खिडक्या तपासल्या. एक उघडत नव्हती, म्हणून घर एका डोळ्याने अधू ठरले. कानाच्या डॉक्टरांनी भिंतींना कान असल्याची खात्री करून घेतली. रंगुबाई ओट्यावरच बसली होती, पण तिच्याकडे कुणी पाहिले नाही. एकाने फक्त तिला जरा बाजूला सरकायला सांगितले, कारण तिच्यामुळे उंबरा दिसत नव्हता.

निकाल लागला, छत्तीस टक्के. लाभाला चाळीस लागत होते.

“थोडक्यात हुकलं बघा,” हिंदुराव साहेब हळहळले. “एक सुचवू? ओटा वीतभर उंच करा, एक पायरी वाढवा. सहज चाळीस ओलांडेल.”

“पर साहेब, मंजुरीच्या आधी काम केलं तर अपात्र ना?”

“सुधारणा केली तर अपात्र. बिघाडाला मनाई नाही.”

गवंडी आला. पायरी वाढली, ओटा उंचावला, आणि रंगुबाई हापशापासून वीतभर आणखी लांब गेली. कुशाबाई खालून बघून म्हणाली, “वर चालली गं बाया, वर चालली!” याचेही उत्तर रंगुबाईने आधीच्या उत्तराशेजारी नीट ठेवून दिले.

घर बेचाळीस टक्क्यांनी उत्तीर्ण झाले. मंजुरीच्या कागदावर घराला एक कुबडी, एस.टी.चा सवलतीचा पास आणि हाताने फिरवायची तीनचाकी सायकल, असा लाभ लिहून आला. पासावर घराचा फोटो होता. तो समोरून काढलेला नाही म्हणून एकदा परतही आला होता.

“आन् उतार?” बुद्धघोषने विचारले.

“उतार दुसऱ्या टप्प्यात. आधी लाभार्थ्याला स्वतःच्या पायावर उभं तर राहू द्या,” साहेब म्हणाले.

लाभ द्यायचा म्हणजे समारंभ आला. प्रमुख पाहुणे होते योजनेच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांचे गुडघे दुखत, पायऱ्या चढवत नसत. तसा निरोप येताच मांडववाल्याने चहा पिता पिता दारात जाड फळ्यांचा छानसा उतार ठोकला, वर लाल जाजम घातले. रंगुबाई त्या फळ्यांकडे एकटक बघत राहिली.

ओट्यावर कुबडी भिंतीला टेकवली, शेजारी सायकल उभी करून तिला हार घातला. आबासाहेब बोलू लागले, “या घराची जिद्द पाहा! एवढं अपंगत्व असूनही हे घर कधी खचलं नाही...” टाळ्या पडल्या. तेवढ्यात रंगुबाई सरकत सरकत सायकलीवर चढली, तिने पदर खोचला आणि ब्रेक सोडला.

सायकल फळ्यांवरून धडधडत खाली आली, खुर्च्यांच्या मधून सुटली आणि नेमकी हापशापाशी थांबली. कुशाबाईच्या हातून कळशी निसटली.

“काय म्हनलीस गं, पाय न्हाय त्याला वरवंटा कशाला?” रंगुबाई कडाडली. “वरवंट्याला तरी कुठं पाय असत्यात? कुनी उचलून न्हेल्याबिगार गेला व्हय तुझ्या घरात?”

हापसा थांबला. आबासाहेबही थांबले. कुशाबाईचे तोंड आनंदाने फुलले. “आलीस व्हय गं रंगे! एकटीनं भांडून भांडून घसा बसला माझा!” आणि दोघींचे असे काही जुंपले की सत्कार कधी उरकला, कुणाला कळले नाही.

भानावर आल्या तेव्हा मांडववाला फळ्या उचलून टेम्पोत भरत होता.

“साहेब, तेवढ्या फळ्या ऱ्हाऊ द्या की!” रंगुबाई म्हणाली.

“बाई, फळ्या तात्पुरत्या आहेत. आपली योजना कायमस्वरूपी आहे,” हिंदुराव साहेब म्हणाले. “आणि त्या सायकलीवरून उतरा. ती घराची आहे.”

“सायबाचं बरोबर हाय,” रंगुबाई उतरता उतरता म्हणाली. “पांगळं घरच हाय, मी न्हाय. मी आत्ताच भांडून आले.”

त्या रात्री ती कुशाबाईकडे राहिली; तिचे घर गल्लीच्या पातळीवर होते. तिथे पाट्याशेजारी तिला आपला वरवंटा दिसला, आणि भांडण पुढे चालू झाले. सकाळी कुशाबाईने दोन्ही पैलवानांना उठवले. “मुरूम टाका तिच्या दारात. रोज उचलून आनायला काय नवरी हाय ती?” जेवणवेळेपर्यंत उतार तयार झाला. मुरूम काय, इतके दिवस गल्लीच्या तोंडाशीच पडून होता.

पंधरवड्यात कक्षाचे पत्र आले. ‘आपले घर बरे झाल्याचे निदर्शनास आले आहे. सबब दाखला रद्द करण्यात येत असून कुबडी, सायकल व पास परत करावेत.’ बुद्धघोषने सगळे परत केले. रंगुबाई आता चाके लावलेल्या पाटावर बसून रोज हापशावर जाते.

कक्षाकडे मात्र एक कुबडी शिल्लक आहे आणि दुसऱ्या पांगळ्या घराचा शोध चालू आहे. हे वाचताना तुम्हाला हसू आले असेल, तर तसेच हसत उठा आणि आपल्या दारातल्या पायऱ्या बघून या. चाळीस टक्के सहज भरतील. एस.टी.च्या पासासाठी घराचा फोटो काढून ठेवा, समोरून काढा.