नेनेकाकांचे बगळे

साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळाची शनिवार सकाळची मीटिंग ऐन रंगात आली की नेनेकाका उठून उभे राहत, दोन्ही हात वर ताणत आणि परत बसत. नव्या माणसाला वाटे, यांचा गणपतीच्या बजेटला विरोध आहे. आम्हाला ठाऊक असे, की काकांच्या घड्याळाच्या हिशेबाने कोरियात सातवी इनिंग चालू आहे. सातव्या इनिंगला प्रेक्षकांनी उभं राहून अंग मोकळं करायचं, हा बेसबॉलचा रिवाज. काका तो अर्ध्या पृथ्वीवरून पाळत.

डॉक्टर नेने आमच्या हॉस्पिटलात सर्जन, मी भूल देणारा. टेबलाशी हा माणूस दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. पण हेमिन हेरॉन्सचा विषय काढा, की थांबवणं मुश्किल. हेमिन हे कोरियातलं एक लहानसं बंदर, आणि हेरॉन्स तिथली टीम. काका त्यांना ‘आपले बगळे’ म्हणत. बगळे दरवर्षी लीगमध्ये शेवटचे.

“काका, परत हरले?”

“सीझन लांब आहे रे.”

सुधाकाकूंनी नवं किचन मागितलं, तरी सीझन लांब आहे. बॉयलर गळायला लागला, तरी तेच. क्रिकेटशी तुलना मात्र खपत नसे. “मॅच सोडून चहाला जाणारे लोक तुम्ही,” म्हणत.

हे वेड लागलं मिस्टर हानमुळे. हान कंटेनर जहाजावरचे आचारी. पोटातला अल्सर फुटला म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं, आणि जहाज त्यांना सोडून पुढे गेलं. इंग्लिश येत नव्हतं, भेटायला कुणी नव्हतं. काकांनी ऑपरेशन केलं आणि मग रोज राउंड संपल्यावर त्यांच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायला लागले. हान कागदी नॅपकिनवर बेसबॉलचं मैदान काढत, काका मान डोलावत. काकू डब्यातून मऊ भात पाठवत. हान बरे होऊन घरी गेले ते काकांना एक बगळा छापलेली टोपी आणि कायमचं आमंत्रण देऊन. एकदा या, शेजारी बसून मॅच बघू.

दरवर्षी जायचं ठरे. कधी ड्यूटीचा रोटा आडवा येई, कधी मुलीची परीक्षा.

मग एका वर्षी बगळे जिंकायला लागले. का, ते कुणालाच कळेना. नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. काका ऑपरेशनांच्या मधल्या वेळात स्कोअर बघून येत आणि मास्कच्या आत हसत. त्यासाठी ते कोरियन अक्षरंसुद्धा शिकले होते. जुलैत मंडळात पेढे वाटले. ऑगस्टमध्ये बातमी आली, की मालक कंपनी टीम बंद करतेय. हा सीझन शेवटचा.

हानच्या मुलीचा फोन आला. तिला इंग्लिश येत होतं. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचची दोन तिकिटं बाबांनी काढली आहेत, या.

काकू म्हणाल्या, “अहो, जा आता.”

“घाई काय? आपण फायनलला पोचतोय. तेव्हाच जातो. रजा काय दोनदा मिळणार आहे?”

बगळे ती मॅच एका रनने हरले आणि फायनल हुकली. सकाळी अकराच्या सुमाराला काका ऑपरेशन थिएटरच्या कॉफीरूममध्ये स्क्रीनपुढे बसले होते. दुपारी त्यांनी हानच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, बाबांनी शेजारच्या खुर्चीवर आपला कोट ठेवला होता. लोक जागा विचारत होते, ते कुणाला बसू देत नव्हते.

डिसेंबरात काका हेमिनला हानकडे जाऊन आले. ना टीम, ना मॅच. परत आले तेव्हा मी त्यांना हीथ्रोवर घ्यायला गेलो. एम थ्री मोटरवेला लागेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

“कशी झाली ट्रिप?”

“बसलो होतो रे. पूर्वी निदान बगळे होते बोलायला. आता मला कोरियन येत नाही, त्याला मराठी. त्याच्या खिडकीतून स्टेडियम दिसतं. तो पडदा लावूनच ठेवतो.”

“मग करत काय होता?”

“तो स्वयंपाक करायचा, मी भांडी पुसायचो.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“इतकी वर्षं या देशात काढली,” ते म्हणाले, “कामाला सगळ्यांनी बोलावलं. नेने येईल म्हणून जागा अडवून बसलेला हा एकच माणूस. आणि मी फायनलची वाट बघत राहिलो.”

पुढे ट्रॅफिक थांबला होता. काकांनी चष्मा काढला आणि घरापर्यंत तो हातातच धरून ठेवला.