माती विचारणारे डॉक्टर

पेशंट बेशुद्धीत असला की डॉ. शिराळकर एका हातानं त्याची नाडी धरायचे आणि मान वळवून नातेवाइकांना विचारायचे, "पावणं, गाव कंचं? माती काळी का तांबडी?"

माणसं बिथरायची. आधीच घरचं माणूस आत पडलेलं. एकदा एका म्हाताऱ्यानं ठणकावलं, "काय वाट्टंल ते करा डॉक्टर, पर बिलापायी रान इकायचं न्हाय!"

ही ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी औषधांचं दुकान सांभाळत होतो. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेला आमच्या घरातला मी पहिलाच. त्यामुळं डॉक्टर वादाला मलाच धरायचे.

"सेलेनियम!" काउंटरवर थाप मारून ते म्हणायचे. "मातीतून जोंधळ्यात, जोंधळ्यातून माणसात. कणभरच लागतं. पण आजार जबर झाला की रक्तात नेमकं तेच कमी पडतं. मग वरून द्यायला नको?"

"पण सर, दिल्यानं माणूस वाचतो ह्याला पुरावा?"

"तू बी.एस्सी. हाईस म्हणून विचारतोस," म्हणून ते निघून जायचे. हे काही उत्तर नव्हतं. पण मला ऐकायला बरं वाटायचं.

सेलेनियमचं इंजेक्शन आमच्याकडं काय, गावात कुठंच मिळत नव्हतं. मग डॉक्टरांनी वाट काढली. बोकडाच्या गुर्द्यात सेलेनियम भरपूर, म्हणून गुर्दे उकळलेलं पाणी! अळणी, फडक्यातून गाळलेलं, नाकातल्या नळीतून जाईल असं. नेहमीची औषधं चोख चालूच असायची, हे त्यावर.

एकदा उचगावचा तुकाराम आला. फौंड्रीत काम करणारा दणकट गडी न्यूमोनियानं पार विझत चाललेला. त्याची बायको हौसाबाई दाराशी उभी. बस म्हटलं तरी बसेना, खा म्हटलं तरी खाईना, नुसती दाराकडं बघत राहायची. डॉक्टरांनी माती विचारली आणि हुकूम सोडला, "रोज सकाळी गुर्द्याचं पाणी आणायचं. अळणी!"

दुसऱ्या दिवशी डबा आला. मी झाकण काढलं आणि मला ठसकाच लागला. तांबडाभडक रस्सा, वर बोटभर तेलाचा कट.

"बाई, हे अळणी?"

"अवो, डॉक्टरास्नी अळणी कसं द्यायचं? लोक काय म्हंत्याल?"

डबा डॉक्टरांच्या जेवणासाठी मागवलाय, असं तिला वाटलेलं. खरं कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला आणि आल्या पावली उचगाव गाठलं. मी डबा बाजूला सारत होतो, तोवर डॉक्टर आले. वास घेऊन म्हणाले, "टाकू नकोस." दुपारी तो डबा स्वच्छ धुतलेला माझ्या काउंटरवर आला.

त्यानंतर हौसाबाई रोज अळणी पाणी आणू लागली. दाराशी थिजून उभी राहणारी बाई आता खाटकाशी भांडून यायची, फडकं गच्च पिळायची, नर्सला दरडावायची, "गरम हाय, हळू सोडा की!"

मी एकदा डॉक्टरांना स्पष्टच विचारलं, "सर, ह्यानं तुकाराम वाचेल?"

"ठाऊक न्हाय. जगात अजून कुणालाच धड ठाऊक न्हाय." पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "आमची ही गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसून होतो. डॉक्टर असून. कुणी नुसतं म्हणालं असतं, जा, लिंबू घेऊन ये, तर पळत गेलो असतो रे."

तुकाराम वाचला. औषधांनी, असं मी म्हणतो. हौसाबाई म्हणते गुर्द्यानं. त्याला घरी नेल्यावर पुढच्या रविवारी ती पुन्हा डबा घेऊन माझ्या दुकानात हजर. डॉक्टर तिथंच होते.

"ह्यो मातूर तुमचाच. चांगला झणझणीत हाय."

डॉक्टर डब्याकडं बघत "उचगाव... माती काळी..." असं काहीतरी पुटपुटले.

"ते सांगून झालंय की! तुमचं गाव कंचं?"

डॉक्टर म्हणाले, "कुरुंदवाड."

"आन् माती?"

ते खुर्ची ओढून बसले. नदीकाठची काळीभोर मळीची जमीन, त्यातली वांगी, ती वांगी निवडून घ्यायला स्वतः शेतात उतरणारी त्यांची बायको... सांगतच सुटले. मी दुकानाचं दार लोटून घेतलं. हौसाबाई पदर खोचून ऐकत होती. शेवटी तिनंच भाकरी मोडून त्यांच्यापुढं ठेवली.

"जेवता जेवता सांगा. गार व्हाया लागलंय."