भागाक्का मुंगूस आणि उलटं चालणारा वाटाड्या

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका, तिकडे जायला व्हिसा लागतो) भागाक्का नावाचं एक मुंगूस राहत होतं. भागाक्का वाटाडी होती. वाटाड्या म्हणजे काय, माहीत आहे ना? हल्ली त्याला गाइड म्हणतात आणि दुप्पट पैसे घेतात. ए, मागे चुळबूळ नको. ऐकायचं तर नीट ऐका.

त्या जंगलात परदेशाहून कांगारू यायचे. भारी हौशी प्राणी. पोटाला जन्मापासून पिशवी म्हणजे देवाने त्यांना सहलीसाठीच घडवलेलं असणार. आपल्याकडे थंडी पडली की त्यांचे कळपच्या कळप यायचे, डोक्यावर टोपी घालून आणि नाकाला मलम फासून. त्यांना जंगल बघायचं असे आणि भागाक्का त्यांना जंगल दाखवायची.

तिची पद्धत अगदी साधी होती. पुढे ती, मागे पाहुणे. पन्नास पावलं झाली की ती मागच्या दोन पायांवर उभी राहायची, नाक वर करून वारा हुंगायची आणि म्हणायची, "बसा." मग सगळ्यांनी मुकाट बसायचं. ओढ्यापलीकडे करवंदीची मोठी जाळी होती आणि तिथे वाघ राहत होता. वाऱ्यावर त्याचा वास आला की भागाक्का पाहुण्यांना लांबच्या वाटेने वळसा घालून न्यायची. कधी कधी दोन-दोन तास बसवूनही ठेवायची. संध्याकाळी जांभळीच्या झाडाखाली परत आणलं की डोकी मोजायची. बारा नेले, तर बारा परत. वीस वर्षांत त्यात कधी फरक पडला नाही.

बोलायला मात्र ती रुक्ष. पाहुण्यांनी विचारलं, "हे काय आहे?" तर म्हणायची, "वारूळ."

"आत काय आहे?"

"वाळवी."

आता वारुळात वाळवीच असणार, आणखी काय असणार! पण कांगारूंची तोंडं पडायची.

अशातच जंगलातल्या एका कोल्ह्याने परदेशी जाऊन पर्यटनावरचं एक चर्चासत्र ऐकलं. अडीच दिवसांचं. त्यातला अर्धा दिवस जेवणाचा. गेला तेव्हा नुसता कोल्हा होता, परत आला तो कोल्हासर होऊन. आल्या आल्या त्याने जांभळीखाली कंपनी काढली आणि भागाक्काला बोलावून घेतलं.

"अक्का, जगाचा ट्रेंड बदललाय," कोल्हासर म्हणाले. "आता पाहुण्यांना जागा बघायच्या नाहीत. त्यांना अनुभव हवाय."

"कसला अनुभव?"

"त्यावर अजून अभ्यास चालू आहे. पण हवाय एवढं नक्की."

मग कोल्हासरांनी ताऱ्यांची पद्धत आणली. सहल संपवून जांभळीखाली परतलेल्या प्रत्येक पाहुण्याने एक फॉर्म भरायचा आणि वाटाड्याला पाचपैकी तारे द्यायचे. चाराच्या खाली आला की त्या वाटाड्याचा बिल्ला काढून घ्यायचा. बिल्ला नाही तर पाहुणे नाहीत, आणि पाहुणे नाहीत तर चूल नाही. भागाक्काच्या बिळात तिचा नवरा होता. तरुणपणी नागाशी भांडायला गेला आणि जन्माचा लंगडा झाला. म्हणजे घर चालायचं ते त्या बिल्ल्यावरच. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्याच आठवड्यात भागाक्काला तीन तारे पडले. खाली शेरे होते. "फार वेळ बसवतात." "वारुळाविषयी आणखी माहिती हवी होती." आणि एकाने तर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "काहीच घडलं नाही!"

भागाक्काला काही समजेना. काही घडू नये म्हणूनच तर ती वीस वर्षं मरमर मरत होती.

इकडे पोपटाने संधी साधली. त्याने पिंपळाच्या फांदीवर क्लास उघडला. पाटी लावली, 'पंधरा दिवसांत आंतरराष्ट्रीय वाटाड्या व्हा. नोकरीची शंभर टक्के हमी.' पोपट स्वतः जमिनीवरून कधी चाललेला नव्हता, पण क्लास घेणाऱ्याला तसं कुणी विचारत नसतं. तुम्ही विचारता का तुमच्या सरांना? मग!

अभ्यासक्रम कडक होता. सात भाषांत 'नमस्कार' आणि 'फोटो काढू का?' शिकवायचे. हसताना किती दात दिसावेत ते शिकवायचे. वारुळाची गोष्ट कशी रंगवायची ते शिकवायचे. आणि सगळ्यांत मोठा धडा हा, की वाटाड्याने पाहुण्यांकडे तोंड करून उलटं चालावं. "पाहुण्यांना पाठ दाखवणं म्हणजे त्यांचा अपमान," पोपट सांगायचा. "सगळ्या मोठ्या देशांत वाटाडे उलटेच चालतात."

ते देश चांगले सपाट होते, फरशा बसवलेले होते आणि तिथे वाघ नव्हते. एवढं सांगायचं पोपट विसरला.

या क्लासमधून पहिला नंबर काढून बाहेर पडला तो गुणाजी नावाचा वानर. प्रमाणपत्र हातात पडताच त्याने नाव बदलून गॅरी केलं. चष्मा लावला. हातात एका काठीला लाल फडकं बांधून घेतलं आणि बारा कांगारू घेऊन निघाला.

काय त्याचं बोलणं! वारूळ आलं की म्हणायचा, "इथे एक राजकन्या आपल्या प्रियकराची वाट बघत मातीची झाली." कांगारू हुंदके द्यायचे. भागाक्का पन्नास पावलांवर बसवायची, हा पन्नास पावलांवर नाचून दाखवायचा. आणि चालायचा उलटा. पाहुण्यांकडे तोंड, दात बरोब्बर आठ दिसताहेत, आणि पाठ ओढ्याकडे.

असा तो उलटा उलटा चालत ओढा ओलांडून थेट करवंदीच्या जाळीत शिरला. मानेला ऊन ऊन श्वास लागला, तेव्हा त्याला कळलं. वानरच तो. टुणकन उडी मारून सागाच्या झाडावर गेला आणि वरून ओरडला, "आणि आता आजच्या सहलीतलं खास आकर्षण!"

वाघाने खास आकर्षणासारखंच काम केलं. सगळ्यांत पुढच्या कांगारूला उचललं आणि जाळीत नाहीसा झाला.

बाकीचे कांगारू असे पळाले, की जांभळीखाली येऊनच थांबले. एकाची टोपी गेली होती, दुसऱ्याचं मलम पुसलं होतं. 

"आमचा एकजण कमी आहे," त्यांच्यातला एक म्हणाला.

गॅरी क्षणभर गडबडला. मग त्याने आठ दात दाखवले. "त्यांनी मुक्काम वाढवलाय सर."

"हो? मुक्काम वाढवता येतो? मग आम्हाला का नाही सांगितलं?"

कांगारूंना त्या नशीबवान सोबत्याचा हेवा वाटला. त्यांनी फॉर्म भरले. अकरा फॉर्म, अकरांवर पाच-पाच तारे. "अविस्मरणीय!" "अंगावर काटा आला!" "अगदी खराखुरा अनुभव!" बाराव्याचं मत कदाचित वेगळं पडलं असतं. पण नियम नियम असतो. फॉर्म भरायचा तो जांभळीखाली परत आलेल्यांनी.

भागाक्काला हे कळलं तशी ती तरातरा कोल्हासरांकडे गेली.

"अरे, तुझा तो गुण्या पाहुणे वाघाच्या तोंडात नेऊन घालतोय! बारा गेले, अकरा आले!"

"अक्का, तुम्ही नकारात्मक आकडा बघताय," कोल्हासर म्हणाले. "सरासरी बघा. पाच. आणि वाघोबांना वाघ म्हणू नका हो, ते आपले स्थानिक भागीदार आहेत. तुमचंच बघा. उद्याची तुमची सहल शेवटची. चारांच्या वर नाही आलात तर बिल्ला ठेवून जायचं." मग इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज उतरवला. "जाळीच्या जरा जवळून न्या ना. आत नको. नुसतं शेपूट दिसलं तरी चार तारे कुठे गेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी भागाक्का बारा कांगारू घेऊन ओढ्यापाशी पोचली. मागच्या पायांवर उभी राहिली. वाऱ्यावर वास अगदी दाट होता. वाघ ओढ्याच्या अलीकडेच होता.

तिला बिळातला नवरा आठवला. बिल्ला गेला तर त्याला काय घालणार, हेही आठवलं. चार पावलं पुढे टाकायची आणि शेपूट दाखवून परतायचं, एवढाच प्रश्न होता. तिने मागे वळून बघितलं. बारा तोंडं तिच्याकडे बघत होती. नाकांना मलम लावलेलं होतं.

"बसा," भागाक्का म्हणाली.

"पुन्हा बसा?" एक कांगारू भडकला. "अर्धी पृथ्वी ओलांडून आम्ही बसायला आलोय का इथे?"

"बस म्हटलं ना! तुझी आई वाट बघत असेल घरी!" भागाक्का खेकसली. कांगारू बसले. दीड तास बसले. मग ती त्यांना लांबच्या वाटेने, काट्याकुट्यांतून, उन्हातून परत घेऊन आली. बाराच्या बारा.

तिला दोन तारे मिळाले. "वाटाडी ओरडते," असा शेराही मिळाला. कोल्हासरांनी स्वतःच्या हातांनी बिल्ला काढून घेतला आणि तिच्या प्रदीर्घ सेवेबद्दल तिला शाल आणि नारळ दिला. मुंगूस नारळ फोडू शकत नाही, पण सत्कार समितीत तेवढा विचार करायला कुणाला वेळ असतो?

आता गोष्ट खरी पुढेच आहे. महिनाभराने कोल्हासरांच्या सासूबाई आल्या. कोल्हीणबाई मोठ्या तालेवार. जावयाचा धंदा बघायला पलीकडच्या डोंगरावरून आल्या होत्या. चांगल्या उजेडी, पण मागच्या वाटेने, कोल्हासर भागाक्काच्या बिळाशी आले.

"अक्का, सासूबाईंना जंगल बघायचंय. तुम्हीच घेऊन जा."

"का रे? तुझा गॅरी कुठे गेला? पाच तारे आहेत की त्याला."

कोल्हासर खाली बघू लागले. "अहो, घरची माणसं आहेत," ते पुटपुटले.

भागाक्का बिळाबाहेर आली. मग गेली. कामाची सवय, दुसरं काय. सासूबाईंना सगळं जंगल फिरवलं, तीनदा बसवलं, वारुळाला वारूळ म्हणाली आणि सुखरूप आणून पोचवलं.

सासूबाई फणफणतच आल्या. "जावईबापू, ही कसली सहल? ही बया मला नुसती बसवतेय! मला ते गॅरीचं पाहिजे. सगळं गाव म्हणतंय, काय तो थरार!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅरीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

भागाक्काला राहवेना. ती रांगेपुढे धावली आणि जीव तोडून ओरडली, "बाई, जाऊ नका! तिथे वाघ आहे! तो खातो! जाणारे सगळे परत येत नाहीत!"

रांगेतल्यांनी माना वळवल्या. मग कुजबूज सुरू झाली. "वाघ? खरोखरचा?" "सगळे परत येत नाहीत म्हणे!" "बाप रे! तिकीट मिळेल का अजून?" बघता बघता रांग दुप्पट झाली.

"दोन ताऱ्यांची तू," सासूबाई तिला म्हणाल्या, "जळतेस होय दुसऱ्याचं बघून?" मग त्या जावयाकडे वळल्या. "काय हो, ही म्हणते ते खरं आहे का?"

कोल्हासरांनी तोंड उघडलं. समोर चाळीस गिऱ्हाईकं कान टवकारून उभी होती. कोल्हासरांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"ऊन आहे सासूबाई," ते म्हणाले. "टोपी घालून जा."

सासूबाई टोपी घालून गेल्या. घाई त्यांना पहिल्यापासून, म्हणून गॅरीच्या अगदी पुढ्यात चालत होत्या. संध्याकाळी पाच ताऱ्यांचे फॉर्म आले, गठ्ठेच्या गठ्ठे. त्यात सासूबाईंचा नव्हता.

कोल्हा रडला का, म्हणून काय विचारता? रडला की. अगदी मनापासून रडला. नाक पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भागाक्काच्या बिळाशी हजर.

"अक्का," तो म्हणाला, "काल तुम्ही ओरडलात त्याने रांग दुप्पट झाली. तेच रोज ओरडाल का? अगदी तसंच, जीव तोडून. बिल्ला परत देतो. घरपोच जेवण, दोघांचं."

भागाक्काने नवऱ्याकडे बघितलं. मग तिला वाटलं, रोज ओरडलं तर एखादा तरी ऐकेल. एखादा तरी मागे फिरेल. ती हो म्हणाली.

आजही तुम्ही त्या जंगलात गेलात तर जांभळीखाली बिल्ला लावलेलं एक म्हातारं मुंगूस दिसेल. रांगेतल्या एकेकाच्या पाया पडून, डोळ्यांत पाणी आणून ते सांगत असतं, "जाऊ नका रे बाळांनो, वाघ आहे, खरंच आहे." कांगारू टाळ्या वाजवतात, तिच्यासोबत फोटो काढतात आणि आत जातात. अजून एकही मागे फिरलेला नाही. फॉर्मवर मात्र तिला आता पूर्ण पाच तारे असतात. शेरा असतो, "वातावरण फार छान तयार करतात."

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं, आणि जीव तोडून बोलावं. त्याने तिकिटं जास्त खपतात.