बाईंना एवढी कसली घाई!

"या रविवारी मी मत देणार!" हळूकाकांनी दाढी करता करता आरशाला बजावलं.

आरसा गप्प राहिला, पण मागे टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या काकू गप्प राहणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"कसलं मत?"

"गाण्यांबद्दल. माझं स्वतःचं. स्वच्छ आणि स्पष्ट!"

"अगं बाई! मग शेजारच्यांनाही बोलावते. असा योग पुन्हा कधी यायचा!"

काकूंचा टोमणा अगदीच अनाठायी नव्हता. हळूकाकांचं सगळं आयुष्य एका ग्रंथालयाच्या काउंटरमागे गेलं होतं. तिथे कुणाचा आवाज चढला की ते पाटीकडे बोट दाखवून "हळू, हळू" म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. मत ही त्यांच्या लेखी इतरांनी द्यायची आणि आपण कपाटात नीट लावून ठेवायची वस्तू होती. दुकानदाराने "कुठला शर्ट आवडला?" असं विचारलं, तर ते विचारत, "तुमच्याकडे जास्त कुठला खपतो?"

अशा माणसावर मत देण्याची पाळी आली ती सूनबाईंमुळे.

सूनबाईंचे वडील, म्हणजे हळूकाकांचे व्याही, हे गुरांचे डॉक्टर. विहीणबाई गेल्या आणि डॉक्टर त्या रिकाम्या घरात एकटे पडले. औषधं विसरायचे, जेवण म्हणून चहात बिस्किटं बुडवायचे, एकदा न्हाणीघरात पडलेही. लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं आणि हळूकाकांच्याच खोलीत त्यांचा पलंग टाकला. एके काळी या माणसाच्या एका हाकेने उधळलेला बैल जागच्या जागी थिजत असे. आता त्यांच्या तोंडून निघे ते फक्त "हं". समोर हळूकाका, म्हणजे जन्माचे मुके! न येणाऱ्या गाडीची वाट पाहत थांब्यावर बसलेल्या दोन अनोळखी प्रवाशांसारखे ते दिवसभर समोरासमोर बसून राहत. आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेर मी घरी जातो. इथे बसून करू काय?"

सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी एक शक्कल लढवली. दर आठवड्याला घरातल्या एकाने गाण्यांचा एक नवा अल्बम निवडायचा. तो सगळ्यांच्या फोनवर जायचा. प्रत्येकाने आपापला ऐकायचा, आणि रविवारी संध्याकाळी चहाला एकत्र बसून मत सांगायचं. त्याआधी चर्चा बंद!

"तेवढंच दोघांना बोलायला काहीतरी मिळेल," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या.

काय मिळालं? पहिल्या रविवारी हळूकाका म्हणाले, "छान आहे. बरं वाटलं." डॉक्टर म्हणाले, "हं." दुसऱ्या रविवारी डॉक्टर आधी "हं" म्हणाले आणि मग हळूकाका "छान आहे" म्हणाले. एवढाच काय तो फरक!

महिना सरत आला. शेवटचा अल्बम निवडायची पाळी डॉक्टरांची होती, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी तो चक्क स्वतःहून दिला. त्यावर ना चित्र, ना गाणाऱ्याचं नाव. त्याच दिवशी सूनबाई सासऱ्यांना गच्चीवर गाठून म्हणाल्या, "बाबा, या वेळी तरी मनापासून बोला हो! माझ्या अप्पांनी एवढं पहिल्यांदाच काहीतरी केलंय. तुम्ही दोन शब्द खरे बोललात, तर कदाचित राहतील ते."

झालं! एका माणसाचं राहणं-जाणं आता आपल्या दोन शब्दांवर! हळूकाका आठवडाभर कानाला फोन लावून फिरले. अल्बम त्यांनी बागेतल्या बाकावर ऐकला, भाजीच्या रांगेत ऐकला, दातांच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत ऐकला. कुणी एक बाई पेटीच्या साथीवर गात होती. आणि नवल म्हणजे काकांना खरोखरच एक मत झालं! आयुष्यातलं पहिलंवहिलं, अजून ओलं असलेलं मत! फुटेल या भीतीने ते त्याला जपून वावरू लागले.

शुक्रवारी काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही ओळखलात का तो आवाज..."

"शूऽऽ! रविवारच्या आधी चर्चा नाही!" काकांनी सवयीने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी नव्हती, घड्याळ होतं.

रविवार उजाडला. चहा आला. काकू, मुलगा, सूनबाई आणि डॉक्टर टेबलाभोवती बसले. सूनबाईंचे डोळे आधीच ओलसर दिसत होते. 'माझ्याकडून केवढी ही आशा!' असं वाटून काकांनी खुर्ची पुढे ओढली. चहाचा कप एकदा उजवीकडे ठेवला, एकदा डावीकडे.

"मी बोलू का?" त्यांनी विचारलं.

"बोला, बोला बाबा!"

"स्पष्टच बोलतो. बाईंचा आवाज गोड आहे, वाद नाही. पण गाताना बाईंनी गॅसवर दूध ठेवलेलं असावं. सारखं लक्ष तिकडे! एक ओळ संपत नाही तोच दुसरी तिच्या पाठीवर येऊन आदळते. कुठे थांबणं नाही, दम खाणं नाही. शेवटचं गाणं तर असं उरकलंय की, अहो, आपण ऐकत बसलोय आणि बाई दार लोटून निघूनसुद्धा गेल्या! मी म्हणतो, बाईंना जायची एवढी कसली घाई झाली होती?"

बोलून झालं. काकांना वाटलं, आपण डोंगर चढून आलो. त्यांनी हसून सगळ्यांकडे पाहिलं.

कुणीच हसत नव्हतं. मुलगा बशीतल्या बिस्किटाकडे एकटक बघत होता. काकूंचा हात कपाळावर होता. सूनबाईंच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं.

डॉक्टर सावकाश उठले. "घाई वाटली तुम्हाला?"

"थो... थोडी."

"हं," डॉक्टर म्हणाले आणि खोलीत गेले. दार लागलं. पाठोपाठ पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला.

"अहो, असं काय बोलून बसलात!" काकू दबक्या आवाजात कडाडल्या. "विहीणबाई होत्या त्या! डॉक्टरांनी जुनी टेप दुकानातून फोनवर घेता येईल अशी करून आणली होती!"

धरणीमातेने पोटात घ्यावं म्हणावं तर घर तिसऱ्या मजल्यावर! 'बाईंना जायची एवढी कसली घाई?' हे आपणच आत्ता म्हणालो? विधुर माणसाच्या तोंडावर?

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?" काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

"सांगायला आले तर मला घड्याळ दाखवलंत!"

"मला वाटलं, तुम्ही ओळखलंच असणार," सूनबाई हुंदके देत म्हणाल्या. "लग्नात आई गायली नव्हती का, तुमच्यासमोर?"

"पण बाबा," मुलगा म्हणाला, "त्यात घाई कुठे आहे? उलट इतकं संथ आहे की मला दोनदा डुलकी..."

सूनबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला पुढचं वाक्य गिळावं लागलं. एकाचे दोन गुन्हेगार झाले.

"दाखवा तुमचा फोन," तो घाईघाईने म्हणाला. त्याने अल्बम लावला. विहीणबाई तुरुतुरु गाऊ लागल्या. त्याने पडद्यावर एका कोपऱ्यात बोट टेकवलं आणि डोक्याला हात लावला. "बाबा! हा वेग दीडपट आहे!"

"तो पुस्तकांसाठी आहे," काका म्हणाले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ते पुस्तकं वाचण्याऐवजी फोनवर ऐकत. वाचणारे फार रेंगाळतात म्हणून त्यांनी वेग वाढवून घेतला होता.

"तो फक्त पुस्तकांपुरता नसतो हो! एकदा वाढवला की सगळंच पळतं. म्हणजे महिनाभर तुम्ही..."

"सगळं छानच वाटत होतं मला," काका पुटपुटले.

"आता आत जा आणि सांगा त्यांना!" काकूंनी हुकूम सोडला.

"काय सांगू?"

"तोंड उघडलंयत, तर आता बंद करू नका!"

काका दारापाशी गेले. दोनदा टकटक करायला हात उचलला आणि दोनदा नुसताच केसांवरून फिरवून आणला. मागून काकू खाकरल्या, तसं दार आपोआप ढकललं गेलं.

पलंगावर बॅग उघडी होती. घड्या घातलेले शर्ट, औषधांचा डबा, चपला, सगळं आत. डॉक्टर चेन ओढत होते आणि ती मध्येच अडकली होती.

"डॉक्टर, मी क्षमा मागायला आलोय," काकांनी डोळे मिटूनच सुरुवात केली. "माझी चूक झाली. म्हणजे माझी नाही, फोनची. म्हणजे फोनचीही नाही, माझीच. मी विहीणबाईंना दीडपट वेगाने ऐकलं. एक बटण असतं. त्या मुळीच घाईत नव्हत्या. मीच त्यांना पळवलं."

डॉक्टरांच्या हातून चेन सुटली. मग कित्येक दिवसांत न ऐकलेला, बैल थिजवणारा तो आवाज घुमला.

"तुम्ही माझ्या बायकोला पळवलंत?"

"नाही! म्हणजे तसं नाही हो! गाण्यात!" काका भिंतीला चिकटले. दाराबाहेर कुणीतरी कप पाडला.

"लावा," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"तुम्ही ऐकलंत तसंच लावा. मला ऐकायचंय."

काकांच्या बोटाने तीनदा भलतंच काही लावलं. एकदा हवामानाचा अंदाजही लागला. शेवटी विहीणबाई सापडल्या आणि झपझप गाऊ लागल्या. डॉक्टर उभेच होते. पहिल्या कडव्याला त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. दुसऱ्याला ते पलंगावर, थेट आपल्या शर्टांवर बसले. तिसऱ्याला त्यांचे खांदे हलू लागले. ते रडताहेत असं वाटून काका पाण्याचा तांब्या शोधू लागले. पण डॉक्टर हसत होते! डोळ्यांतून पाणी येत होतं ते वेगळं.

"हीच! अहो, हीच ती!"

"कोण?"

"माझी बायको! घरात ती अशीच गायची. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, पोरीची वेणी घालताना. हात जसा चालेल तसं गाणं. पोरगी ओरडायची, 'आई, हळू, केस ओढले जातात!' मग मी टेपचं यंत्र आणलं, तिला समोर बसवलं, आणि सारखं सांगत राहिलो, सावकाश गा, चुकू नकोस, टेप महाग आहे. बिचारी घाबरून एकेक शब्द जपून टाकत गेली. ती गेल्यापासून मी ही टेप ऐकतोय. दरवेळी वाटतं, कुणीतरी परकी बाई गातेय. स्वतःच्या बायकोचा आवाज विसरलो की काय, या विचाराने झोप उडाली होती माझी. म्हणून तर सगळ्यांना दिली, कुणीतरी सांगेल म्हणून. सगळे डोळे पुसत होते. घाई फक्त तुम्हाला ऐकू आली."

"पण ते बटणामुळे..."

"कशामुळे का असेना!" डॉक्टर गरजले. "पुन्हा लावा. आणि ते दार उघडा, बाहेर तिघं कान लावून उभे आहेत."

दार उघडलं तसे तिघेही आत आले, जवळजवळ पडलेच. सूनबाई वडिलांच्या शेजारी, उरलेल्या शर्टांवर बसल्या. आईचा आवाज धावत खोलीभर फिरला आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या वेणीकडे गेला. "अप्पा," गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "बॅग?"

"चेन अडकलीय," डॉक्टर म्हणाले. "सगळं बाहेर काढावं लागेल."

अशा रीतीने डॉक्टर राहिले. हळूकाकांचा भाव घरात इतका वाढला की काकूंनी त्यांना न मागता दुसरा चहा दिला. आठवड्याभरात मुलगा जाऊन डॉक्टरांचं उरलेलं सामान घेऊन आला. त्यात एक जड खोकं होतं. डॉक्टरांनी ते स्वतःच्या हाताने फोडलं. आत कॅसेटी! एकावर एक, काठोकाठ! वर एक म्हातारं, दणकट यंत्र.

"तिच्याच सगळ्या, वर्षानुवर्षं समोर बसवून गाऊन घेतलेल्या," डॉक्टर अभिमानाने म्हणाले. "दर आठवड्याला एक ऐकू. तुम्ही आणि मी. इतरांना त्यातलं काही कळत नाही. आणि मत तुम्ही द्यायचं, परवासारखं, मनापासून!"

"फोनवर घेऊन देतो ना मी," मुलगा म्हणाला.

"छे! मूळ यंत्रावरच!"

डॉक्टरांनी पहिली कॅसेट बसवली. पेटीचा सूर निघाला आणि बराच वेळ निघतच राहिला. विहीणबाईंनी पहिला शब्द उच्चारला. दुसरा शब्द यायच्या आत हळूकाकांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि यंत्राच्या चारही बाजू हळूच बोटांनी चाचपून पाहिल्या.

सुरू करायचं बटण होतं. बंद करायचं होतं. विहीणबाईंना पळवायचं मात्र नव्हतं.