आगाऊ आभार

याकोबमामा कुठल्याही गोष्टीचे आभार ती गोष्ट घडायच्या आधीच मानायचे. पाटोद्याला जायला फाट्यावर उभे राहिले की डोळे मिटून मोठ्यानं म्हणायचे, "बापा, एसटी येळेवर आली, तुझे आभार." एसटीचा कुठं पत्ता नसायचा. दोन तासांनी ती खडखडत आली की मामा कंडक्टरला समजावून सांगायचे की तुम्ही अगदी वेळेवर आलात, फक्त ती वेळ कोणती हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

आमच्या गावच्या सहकारी दूध संस्थेत मी सचिव होतो आणि मामा दूध तपासायचे. गावात ख्रिस्ती घर त्यांचं एकच. बायको रूथ वारलेली, मूलबाळ नाही. दर रविवारी धुतलेला सदरा घालून ते सायकलनं तालुक्याला उपासनेला जायचे. उरलेले सहा दिवस त्यांची उपासना आमच्या कचेरीत चालायची. देव म्हणजे शेजारच्या खुर्चीत बसलेला, जरा कमी ऐकू येणारा माणूस असावा, असं माझं मत होत चाललं होतं.

चहा आला की आधी दुधाचे आभार, मग म्हशीचे, म्हशीच्या मालकाचे, मग कुठल्या तरी डोंगरावर पत्ती खुडणाऱ्या बायांचे. आमेन होईपर्यंत चहावर साय धरायची. मग सायीबद्दल वेगळे आभार.

एकदा मी विचारलं की काम व्हायच्या आधीच आभार कसले? तर म्हणाले, "पावना दारात यायच्या आधी चूल पेटवतो का न्हाई आपण? तसंच हाय हे."

या सवयीनं संस्थेचा फायदाच झाला. आमचे एक सभासद, रामभाऊ, दुधात पाणी घालायचे. दुष्काळात अख्खं गाव घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना रामभाऊंना दुधापुरतं पाणी कुठून मिळतं, हे कोडं कुणाला सुटत नव्हतं. एका सकाळी त्यांनी कॅन पुढं केला. मामांनी त्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापा, रामभाऊच्या दुधात आज थेंबभर पानी न्हाई, तुझे आभार." रामभाऊंनी कॅन उचलला आणि गुमान घरी गेले.

वार्षिक सभेला चेअरमनांनी मामांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मामांनी सभा अर्ध्या तासात संपल्याबद्दल आभार मानले. चेअरमनांच्या हातात भाषणाचे चांगले वीस कागद होते. त्यांनी दोन वाचले आणि चहा मागवला.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. विहिरी आटल्या, कडबा संपला. संस्थेनं माळावर जनावरांसाठी चारा छावणी उघडली आणि वैरण वाटायचं काम मामांकडं आलं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. मागं राहिलेली म्हातारी माणसं आपापली जनावरं घेऊन छावणीतच राहायची. त्यात एक कौसाबाई होती. तिचा मुलगा आणि सून तोडीवर गेलेले. तिच्याजवळ उरली होती एक तांबडी गाय.

एका सोमवारी ती गाय बसली. गुरांचे डॉक्टर आले, सुई टोचली, दोन दिवस वाट बघा म्हणाले आणि गेले. दुष्काळात बसलेली गाय पुन्हा उठत नाही, हे छावणीत सगळ्यांना माहीत होतं.

मामा आले. गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बापा, ही गाय उठून उभी ऱ्हायली, तुझे आभार."

गाईनं कानसुद्धा हलवला नाही. माणसं हसली. कुणी म्हणालं, निरोप अजून वर पोचला नाही. कौसाबाई मात्र हसली नाही.

"दादा, खोटं कावून बोलता?" ती म्हणाली. "माजी गाय बसलेली हाय."

मामांनी सदरा काढून लिंबाच्या फांदीला अडकवला आणि कामाला लागले. गाईला एका कुशीवर पडून जखमा होऊ नयेत म्हणून ते तिला सारखी वळवत. गरम मिठाच्या पाण्यानं पाय चोळत, गूळपाणी पाजत. हसणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की हसून झालं असेल तर वासे आणा. तीन वासे उभे करून, गाईच्या पोटाखालून पोती आणि दोर घालून तिला दिवसातून दोनदा उचलायचं ठरलं. रामभाऊही हात लावायला आले. येताना भरलेली घागर घेऊन आले. पाणी कुठलं, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी उचलल्यावर गाईनं खूर टेकले. थरथरली, डुलली, आणि आम्ही दोर सैल केले तरी उभी राहिली. मग तिनं भलंमोठं शेण टाकलं, ते नेमकं मामांच्या पायावर.

आता केवढा आवाज निघतो म्हणून आम्ही मामांकडं पाहत राहिलो. मामांनी वाकून दोर गुंडाळायला घेतले. मी विचारलं, आभार नाही मानायचे?

"ते सोमवारीच मानले की," मामा म्हणाले. सगळी छावणी हसली.

मामा पाय धुऊन लिंबाखाली जाऊन बसले. मी जवळ जाऊन बसलो.

"रूथसाठी बी असंच मानलं व्हतं," ते खाली बघत म्हणाले. "दवाखान्यात. रोज. बरी करून घरी आनलीस, तुझे आभार. अकरा दिवस मानले. बाराव्या दिवशी गेली ती."

मग अजूनही कसे मानता, असं मी वेड्यासारखं विचारलं.

"लई रागावलो व्हतो. चार म्हैने बोललो न्हाई त्याच्याशी. पन घरात दुसरं कुनी व्हतंच न्हाई बोलायला. एक दिवस मीच म्हनलं, बस बाबा, चहा ठिवतो."

कौसाबाई भाकरी आणि ठेचा घेऊन केव्हा मागं येऊन उभी राहिली, ते आम्हाला कळलंच नव्हतं. तिनं भाकरी मामांच्या हातावर ठेवली. मामांनी सवयीनं डोळे मिटले, तेवढ्यात तिनं विचारलं, "कारभारनीचं नाव काय म्हनलात?"

"रूथ."

"रुत," तिनं म्हणून पाहिलं. डोईवरचा पदर सारखा केला आणि मामांच्या समोर मातीतच बसली.

"आभारात घ्या तिचं नाव," ती म्हणाली. "मी बी बसते."

मामांनी भाकरी दोन्ही हातांत धरून पुन्हा डोळे मिटले. कौसाबाईनं घाई केली नाही.