दोघांपुरती सिस्टीम

माझ्या घरमालकांच्या मते जगात बिघाडाचे दोनच प्रकार आहेत. एक चोराचा आणि एक पडायचा. फाटकाची कडी लागत नाही, हा चोराचा. फुटपाथवरची फरशी हलते, हा पडायचा. तिसरा प्रकार नाही. मी वैतागून काही सांगायला लागले की गोपाळण्णा हात वर करून मला थांबवतात आणि विचारतात, "आधी सांग, चोराचं की पडायचं?"

मागे एक मुलगा मला बघायला आला होता. पुण्याचा, इथे बंगळुरातच नोकरीला, दिसायला बरा. माझे आईबाबा नागपूरला, म्हणून मोठं माणूस म्हणून अण्णाच बसले होते. तो गेल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. "चोराचा नाही," ते म्हणाले, "पण पडायचा आहे. स्वल्प लोड आला की पडणार."

पुढे त्यानं एकामागोमाग एक नोकऱ्या सोडल्या असं कळलं, तेव्हा मी मनातल्या मनात अण्णांना नमस्कार केला.

मी एका कंपनीत टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याबद्दल त्यांच्याच शिव्या खायच्या. संध्याकाळी मल्लेश्वरमला घरी येते तेव्हा डोक्यात नुसता भुगा असतो, आणि जिन्याच्या तोंडाशीच अण्णा उभे. "वैदेहम्मा, फोन अपडेट केलास?" जेवलीस का, बरी आहेस का, काही नाही. फोन अपडेट केलास का! वैदेहीचं वैदेहम्मा त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकलं, मला न विचारता. आता मला दुसरं नाव नकोच वाटतं.

गोपाळराव जाधवांचं घराणं इतक्या पिढ्या बंगळुरात आहे की मूळ गाव कुठलं ते त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, रागावले की कन्नड. एका सरकारी कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले. बायको, सरोजाक्का, गेल्या. मूलबाळ नाही. माणसाकडे उरलं काय, तर एक मशीन.

ते मशीन म्हणजे लोखंडी कपाटाएवढं एक धूड आहे. कारखान्याच्या भंगारातून आणलेलं. पुढच्या खोलीत, जिथे दुसऱ्यांकडे सोफा असतो, तिथे ते उभं. त्याच्यातला प्रोसेसर आता जगात कुणी बनवत नाही. मागून गरम वारा येतो, त्यावर सरोजाक्का सांडगे वाळवायच्या म्हणे. अण्णा अजून बनियन वाळवतात.

आता हे मशीन चालतं कशावर, ते सांगते. जगभरची काही माणसं आपापल्या घरी बसून फुकटात एक सिस्टीम लिहितात. कुणीही घ्या, कुणीही वापरा, आतलं सगळं उघडं. तिच्यात दोष सापडत राहतात. एखाद्या भोकातून परका माणूस आत शिरू शकतो, किंवा सिस्टीम आपलीआपणच कोलमडते. चोराचं आणि पडायचं, हे शब्द अण्णांनी तिथूनच आणले. दोष बुजवायला जे बारीक ठिगळ निघतं, त्याला पॅच म्हणतात. नव्या मशीनसाठी पॅच करायला खूप लोक आहेत. पण ते ठिगळ या जुन्या धुडाला बसत नाही. ते नव्यानं कापावं लागतं, आणि त्या प्रोसेसरसाठी ते कापणारा माणूस या पृथ्वीवर एकच, आमचे अण्णा.

त्यांचा नियम एकच. फक्त भोक बुजवायचं, सुधारणा करायची नाही. एकदा मी वरच्या माझ्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलायला माणूस बोलावला, तर त्याला अण्णांनी दारातूनच परत पाठवला. नळ काहून बदलायचा? वायसर गेलाय, वायसर बदला! वायसर बदलला. नळ अजून गळतो. पण कमी गळतो, असं अण्णांचं म्हणणं.

दुसरा नियम त्यांचा नाही, त्या सगळ्या मंडळींचाच. आपल्या पॅचला आपण पास करायचं नाही. दुसऱ्यानं त्याच्या मशीनवर चालवून बघायचं, मग तो पक्का. आता असलं धूड आणखी कुणाकडे असणार? बाप्पा, नॉर्वेत एका बेटावर होतं एकाकडे! हेन्रिक नावाच्या शाळामास्तराकडे. अण्णांनी पॅच ठेवला की हेन्रिकची मेल यायची, "चाललं. आभार." वर्षानुवर्षं. अण्णा ती मेल मला मोठ्यानं वाचून दाखवायचे. दोन शब्दांत वाचून दाखवण्यासारखं असतंच काय, पण दाखवायचे.

दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. फोन नाही, फोटो नाही. सरोजाक्का गेल्या तेव्हा अण्णांनी त्याला कळवलं होतं, बायको वारली, पॅच उशिरा येईल. हेन्रिकनं लिहिलं, "वाईट झालं. घाई नको. तोवर मी माझं मशीन नेटवरून काढून ठेवतो." हे सांगून अण्णा मला म्हणाले, "बघ, माझ्यासाठी त्यानं मशीन काढून ठेवलं. आमच्या नातेवाइकांनी काय केलं? उप्पिट खाल्लं आणि गेले."

तर असं सगळं चाललं होतं आणि गेल्या दिवाळीपासून हेन्रिकची मेल येईना.

अण्णा पॅच ठेवत होते, तिकडून अक्षर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तो ठीक आहे. प्रत्येक पॅच उचलतो." पॅच अण्णांच्याच सर्व्हरवर असतात, कोण घेऊन जातं ते त्यांना दिसतं. नॉर्वेतलं ते मशीन यायचं, पॅच घ्यायचं, जायचं.

"मग उत्तर काहून देत नाही?"

"रागावला आहे." अण्णा खाली बघून म्हणाले. "शेवटच्या वेळी त्यानं माझ्या पॅचमधली एक ओळ सुधारून पाठवली. चांगली होती. मी लिहिलं, इथे कुणी शहाणपणा करायचा नसतो. तेव्हापासून गप्प आहे."

मशीन पॅच आपोआप घेऊ शकतं, त्याला समोर माणूस लागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांनीच मला एकदा ते कसं लावायचं ते शिकवलं होतं. म्हणजे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. हेन्रिक रुसलाय, एवढ्यावर ते जगून राहिले होते.

आणि त्यातच सिस्टीमच्या प्रमुखांची मेल आली. या जुन्या मशीनचं काम पुढच्या आवृत्तीपासून थांबवण्याचा विचार आहे. कुणी खरोखर वापरत असेल तर त्यानं महिनाअखेरपर्यंत स्वतः लिहावं. अण्णांच्या लिहिण्याचा उपयोग नव्हता, कारण ते करणारे, वापरणारे नव्हेत. हेन्रिकनं लिहिलं तर राहणार, नाही तर अण्णांची इतक्या वर्षांची मेहनत एका ओळीत पुसली जाणार.

"तो लिहील," अण्णा म्हणाले. माफी मागणाऱ्या मेलवर मेल त्यांनी पाठवल्या. आपली चूक चोराची नव्हती, पडायची होती, असंही एकीत लिहिलं. त्या बिचाऱ्या नॉर्वेजियन माणसाला त्यातलं काय कळणार होतं! रोज संध्याकाळी मी आले की ते जिन्याशी उभे, पण आता फोनचं विचारत नव्हते. नुसती मान हलवायचे, नाही म्हणून. मला ते बघवेना. चीड यायची, कुणाची ते कळायचं नाही.

शेवटी मीच उचापत केली. हेन्रिकच्या सहीखाली शाळेचं नाव असायचं. त्या शाळेला मेल टाकली. त्यांनी ती त्याच्या मुलीला दिली, आणि तिनं मला कळवलं, दिवाळीच्याच सुमाराला बाबा गेले. तुमच्या अण्णांशी मला बोलायचंय.

मी अण्णांना सांगितलं, "हेन्रिकच्या घरून व्हिडिओ कॉल येणार आहे." तो गेलाय, हे सांगायचं राहूनच गेलं. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला. लॅपटॉपचा पडदा पुसला. "आधी सॉरी म्हणतो, मग बाकीचं," असं दोनदा म्हणून बघितलं.

पडद्यावर एक बाई आली. माझ्याहून मोठी, लोकरी टोपी घातलेली. मागे लाकडी शेड, आणि शेडमध्ये आमच्या पुढच्या खोलीतल्यासारखंच धूड. त्याच्यावर मोजे वाळत घातले होते.

"मी इंग्रिड, हेन्रिकची मुलगी," ती इंग्रजीत म्हणाली, आणि मग सरळ सांगून टाकलं.

मी अण्णांचा हात धरला. तो त्यांना कळला नसावा. त्यांनी विचारलं, "म्हणजे, माझ्यावर रागावला नव्हता?"

"रागावले? ती ओळ तुम्ही परत पाठवलीत, ते तर हसत घरभर सांगत होते. म्हणाले, बंगळुरूचा माणूस अजून तस्साच आहे."

अण्णांनी मान हलवली. तिला पुढे काहीतरी विचारायचं होतं आणि ती चाचरत होती.

"हे मशीन बंद कसं करायचं? पासवर्ड आम्हाला माहीत नाही. प्लग ओढायची भीती वाटते. बाबांचं काही काम असेल म्हणून आम्ही चालू ठेवलं, पण शेड आता विकायची आहे."

"त्यावर काय चालायचं? त्याचं काम काय होतं?" अण्णांनी विचारलं.

इंग्रिड गोंधळली. "काम? काहीच नाही. बाबा लॅपटॉप वापरायचे. आई म्हणायची, टाकून द्या हे. तर म्हणायचे, मी बंद केलं तर त्या माणसाचे पॅच कोण बघणार? त्याला दुसरं कुणी नाही."

मी आयुष्यात इतकी हताश कधी झाले नव्हते. हा इथे त्याच्यासाठी पॅच करून राहिला, तो तिथे याच्यासाठी मशीन चालू ठेवून बसला. काम कुणाचंच नव्हतं! एवढी वर्षं, एवढी वीज, एवढं डोकं. अण्णांच्या जागी मी असते तर लॅपटॉप फेकला असता.

अण्णा म्हणाले, "सरी." बरं, एवढंच. मग म्हणाले, "प्लग ओढू नकोस, अम्मा. मला दोन दिवस दे."

दोन दिवस कशाला, तर एक पॅच अर्धवट राहिला होता. चोराचा होता. अण्णा तो पुरा करायला बसले. मी वर जाऊन खाली येत राहिले, शेवटी तोंडातून निघालंच, "अण्णा, ते मशीन आता बंदच करणार आहेत. भोक बुजवून कुणाला वाचवायचंय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हेन्रिकच्या घरात उघडं भोक ठेवून कसा निघू मी?"

त्या पॅचमध्ये त्यांनी हेन्रिकनं सुधारलेली ती ओळ घातली. नियम मोडून. मला दाखवली आणि म्हणाले, "चांगली आहे नं?" मी म्हटलं, चांगली आहे. पॅच सर्व्हरवर गेला. मग त्यांनी सिस्टीमच्या प्रमुखांना लिहिलं, वापरणारं कुणी नाही, काम थांबवायला हरकत नाही. दोन ओळींची मेल, पण लिहायला त्यांना सगळी सकाळ लागली. नॉर्वेतलं मशीन आपल्या वेळेला आलं आणि पॅच घेऊन गेलं. अण्णा ते बघत बसले होते.

संध्याकाळी इंग्रिडचा कॉल आला. अण्णांनी तिला मागचं छोटं बटण दाखवलं, एकदाच दाबायचं, धरून ठेवायचं नाही, मग ते आपलं आवरतं. तिनं दाबलं. थोडा वेळ पंखे फिरत राहिले, मग दिवा गेला. बाहेर कुठेतरी पक्षी ओरडत होते, तेवढं ऐकू येत होतं.

इंग्रिडनं डोळे पुसले, आभार मानले. ती कॉल बंद करणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. त्याचा एखादा फोटो आहे?"

ती आत गेली. बऱ्याच वेळानं एक फ्रेम घेऊन आली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. होडीत बसलेला एक जाडा, टकला माणूस, हातात मासा, तोंडभर हसत होता. अण्णा पडद्याच्या अगदी जवळ गेले. ती बिचारी हात अवघडला तरी फ्रेम धरून उभी होती, आणि अण्णा बघतच होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"असा होता होय," ते मराठीतच म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला चष्मा असेल."