इच्छा असेल तर

परदेशात राहणं म्हणजे काही मोठं दिव्य नाही, असं नानाने निघण्यापूर्वी सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांगितलं होतं. माणसं इथून तिथून सारखीच. मोठ्यांचा मान ठेवावा, त्यांना नाही म्हणू नये, एवढं जमलं की कुठेही निभावतं. नानाचं वय तेव्हा चोवीस. पाच वर्षांचा असताना त्याने एका लग्नात आचाऱ्याला 'होऊ द्या सावकाश, आम्हाला घाई नाही' असं सांगितलं, तेव्हापासून घरात तो नाना झाला आणि पुढे नानासारखाच वागत राहिला.

मोठ्यांचं बोलणं ऐकायचं कसं, यातही त्याची तयारी पक्की होती. त्याचे काका कधी हुकूम सोडत नसत. "जमलं तर बघ, नाही तर राहू दे," एवढंच म्हणत. म्हणजे संध्याकाळच्या आत काम झालं पाहिजे. 'राहू दे' जरा जोरात आलं तर दुपारच्या आत. हे नानाला कोणी शिकवलं नव्हतं, अंगातच मुरलं होतं.

विद्यापीठातल्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या गाईडबाईंनी त्याला खोलीत बोलावलं. पन्नाशी उलटलेल्या, शांत, कधी आवाज न चढवणाऱ्या बाई. त्या पंधरा दिवस बाहेरगावी जाणार होत्या.

"खिडकीत माझ्या अकरा कुंड्या आहेत. तुझी इच्छा असेल तर त्यांना पाणी घालू शकतोस."

नानाच्या कानात काकांचा आवाज घुमला. घालतो की, तो लगबगीने म्हणाला.

"नक्की ना? नाही म्हणालास तरी चालेल."

हे तर जोरातलं 'राहू दे' होतं! नाना त्याच दुपारी झारी घेऊन हजर झाला. बाई अजून गेल्याही नव्हत्या.

वास्तविक नानाला झाडांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बाई परत आल्या त्या टवटवीत पानं बघून हरखल्या आणि या मुलाला झाडांची भारी आवड आहे, असं त्यांनी मजलाभर सांगितलं. मग पलीकडच्या खोलीतल्या सरांनी, इच्छा असेल तर सांभाळ म्हणून, दोन कुंड्या दिल्या. ऑफिसातल्या बाईंनी मरायला टेकलेला एक निवडुंग दिला. दोन महिन्यांत कुंड्या त्रेचाळीस झाल्या. नवीन आलेल्या एका विद्यार्थ्याने तर नानाला बागकाम विभाग कुठे आहे, असं विचारलं.

नानाच्या शेजारच्या टेबलावर एक लांबुडका संशोधक बसे. नानाने मनातल्या मनात त्याचं नाव जिराफ ठेवलं होतं. त्याने एकदा विचारलं, "तुला हे सगळं आवडतं?"

"आवडण्याचा प्रश्नच कुठे येतो? बाईंनी सांगितलं."

"सांगितलं नाही. विचारलं."

नानाला त्याची कीव आली. बिचाऱ्याच्या घरात मोठी माणसं नसावीत.

या सगळ्यात नानाचा जीव अडकला होता तो भलतीकडेच. प्रबंधाचं पहिलं प्रकरण, चांगली बासष्ट पानं, त्याने बाईंना वाचायला दिलं होतं. तीस तारखेला समितीची बैठक. त्याआधी बाईंनी वाचून सही केली तर दुसऱ्या वर्षाचा प्रवेश पक्का. नाही तर घोडं तिथेच अडणार, कदाचित गाशा गुंडाळून घरी जावं लागणार. पण मोठ्या माणसाला 'वाचलंत का?' असं विचारायचं कसं? तो आपला रोज पाणी घालायला जाई आणि टेबलावरच्या गठ्ठ्यात आपलं प्रकरण कितवं आहे ते तिरक्या नजरेने बघे. एक तारखेला ते नववं होतं. पंधराला पाचवं. अठराला कोणीतरी वर दोन जाडजूड प्रबंध आणून ठेवले आणि ते पुन्हा सातवं झालं. त्या दिवशी नानाला जेवण गेलं नाही.

त्यातच मजल्याला अग्निसुरक्षेसाठी एक स्वयंसेवक हवा होता. बाईंनी जाता जाता विचारलं, इच्छा आहे का. नाना हो म्हणून मोकळा झाला. दोन दुपारी प्रशिक्षणात गेल्या. पिवळं धमक जाकीट मिळालं, गळ्यात शिट्टी आली, हातात मजल्यावरच्या माणसांची यादी आली. घंटा वाजली की सगळ्यांना बाहेर काढायचं, समोरचा कितीही मोठा असो, असं सुरक्षा अधिकाऱ्याने बजावलं. हा अधिकारी असा होता की त्याच्यासमोर शिंकतानाही परवानगी घ्यावीशी वाटे.

तेवीस तारखेला बाई म्हणाल्या, "आज तीन ते पाच मी तुझ्या प्रकरणासाठी राखून ठेवले आहेत." नानाला भरून आलं. बरोबर तीनला त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं पान उलटलं. तीन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली.

आग वगैरे काही नव्हती. न सांगता घेतलेली तालीम होती. पण तालमीतही खऱ्यासारखंच वागायचं, हा नियम. नाना शिट्टी फुंकत मजलाभर धावला. सरांना काढलं, ऑफिसातल्या बाईंना काढलं, जिराफाला डुलकीतून उठवून काढलं आणि शेवटी गाईडबाईंच्या दारात येऊन थबकला. त्या चौथ्या पानावर होत्या. हातात पेन्सिल होती आणि समासात काहीतरी बरं लिहीत असाव्यात असा चेहरा होता. आता गाईडला, त्यातून आपलंच प्रकरण वाचणाऱ्या गाईडला, ऊठ आणि बाहेर हो म्हणायचं? नानाच्या जिभेला हे वळणच नव्हतं. होती नव्हती ती सगळी सभ्यता गोळा करून तो म्हणाला, "तुमची इच्छा असेल तर तुम्ही बाहेर येऊ शकता."

बाईंनी वर बघितलं.

"धन्यवाद. मी बसते इथेच," त्या म्हणाल्या आणि पाचवं पान उघडलं.

असं विचारल्यावर माणूस नाही म्हणू शकतो, हे नाना जन्मात पहिल्यांदा बघत होता.

खाली मैदानात यादी वाचली तेव्हा एक माणूस कमी भरला. कोण राहिलं, अधिकाऱ्याने विचारलं. नानाने नाव सांगितलं. का राहिल्या? त्यांची इच्छा नव्हती, नाना खाली मान घालून म्हणाला. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते बघून मागच्या रांगेतली माणसंसुद्धा सावधान उभी राहिली.

मग शिरस्त्राणं घातलेले दोघे जण वर गेले आणि बाईंना घेऊन खाली आले. पुढचे चार दिवस रोज दुपारी बाईंना सुरक्षेच्या वर्गाला बसवलं. शिवाय लेखी खुलासा मागितला. बाई प्रामाणिक. मला पर्याय देण्यात आला होता, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं. प्रकरण पाचव्या पानावर उघडं पडून राहिलं. नानाचं जाकीट मात्र कोणी काढून घेतलं नाही, कारण दुसरं कोणी तयारच नव्हतं.

"आता तरी कळलं?" जिराफ म्हणाला. "त्यांनी विचारलं, तू हो म्हणालास. तू विचारलंस, त्या नाही म्हणाल्या. एवढंच असतं ते."

त्याने नानाची शिकवणीच घेतली. नाही म्हणायचं. हसायचं नाही. कारण द्यायचं नाही. नानाचा पहिला नकार 'नाही म्हणजे तसं नाही, बघू, जमवू काहीतरी' असा निघाला. दुसऱ्या दिवशी तो निम्मा झाला. घरचा फोन आला तेव्हा आईने जेवलास का म्हणून विचारलं, तर सरावाच्या भरात 'नाही' निघून गेलं आणि पुढची वीस मिनिटं तिची समजूत काढण्यात गेली. पण शुक्रवारपर्यंत नाही म्हणताना त्याचा चेहरा दगडासारखा राहू लागला. जिराफ इतका खूश झाला की त्याने मजल्यावर सगळ्यांना सांगून ठेवलं: नाना मोठ्या कष्टाने नाही म्हणायला शिकतोय, तो नाही म्हणाला की कृपया पुन्हा विचारू नका.

शुक्रवारी सत्तावीस तारीख. सोमवारी बैठक. संध्याकाळी बाई खांद्याला पिशवी अडकवून निघाल्या आणि दारात थांबल्या.

"उद्या-परवा मी मोकळी आहे. तुझी इच्छा असेल तर..."

नानाच्या डोळ्यांपुढे बाईंच्या घरची आख्खी बाग उभी राहिली. कुंपण, वेली, नळाला जोडलेली लांबच लांब नळी.

"नाही," तो म्हणाला. हसला नाही. कारण दिलं नाही.

बाईंनी कौतुकाने मान डोलावली. "ठीक आहे. मला वाटलं होतं, तुझं प्रकरण घरी नेऊन वाचून टाकावं, म्हणजे सोमवारपर्यंत सही झाली असती. पण काही शंका आली तर मला सुटीत तुला फोन करावा लागणार. तुला ते नको, हे मला पटतं." आणि पिशवीतली बासष्ट पानं काढून त्यांनी परत टेबलावर ठेवली.

नाना वाट बघत राहिला. घरी माणूस निदान तीनदा तरी विचारतो. बाई एकदाच विचारून चालू लागल्या. तो धावत लिफ्टपाशी पोचला. हो, म्हणजे नाही, म्हणजे न्या ना, वाचा ना, फोन करा, कधीही करा, असं काय काय तो बोलून गेला.

"माझ्यासाठी आता मन मारू नकोस," बाई मायेने म्हणाल्या. "तुझ्या नकाराचा आम्ही सगळे मान ठेवतो." लिफ्टचं दार मिटलं.

सोमवारी समितीने नानाचं नाव पुकारलं. सही नव्हती. सगळा दोष मुलाचा नाही, असं बाईंनी आपणहून सांगितलं, म्हणून गाशा गुंडाळायची वेळ टळली. निर्णय तीन महिने पुढे ढकलला.

नानाने घरी फोन करून वडिलांना चाचरत एवढंच सांगितलं, की समितीने आणखी तीन महिने दिलेत. पलीकडून वडिलांचा आवाज आला, पण तो नानासाठी नव्हता. बैठकीच्या खोलीत कोणी पाहुणे बसले असावेत. "अहो, काम इतकं पसंत पडलं की आणखी तीन महिने ठेवूनच घेतलंय त्याला!" आणि मग फोनमध्ये, "काय रे, असंच ना?"

"हो," नाना म्हणाला.